निज, आगंतुक आणि कृतक : काचपट्टीवरील पेशींचे वाचन



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी अक्षरे गिरवली, त्याच शाळेने सत्तरी उलटल्यावर मला व्याख्यानासाठी बोलवावे, याहून मोठा सन्मान मला ठाऊक नाही. संयोजकांचा मी मनःपूर्वक ऋणी आहे. मराठीचा प्राध्यापक म्हणून मी एखाद्या वाङ्मयीन विषयावर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा होती. मी विषय कळवला तेव्हा ते क्षणभर स्तब्ध झाले असावेत. विषय असा : रोगनिदानासाठी काचेवर पसरलेल्या पेशींमध्ये, ज्या गोष्टी मुळात रुग्णाच्या नसतात किंवा तयारीच्या चुकीमुळे निर्माण झालेल्या असतात, त्या ओळखायच्या कशा?

मी वैद्यक नाही. या विषयाचा मला जो परिचय आहे तो ऐकून, विचारून आणि काही दिवस सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या नळीतून पाहून झालेला आहे. तरीही हा विषय निवडण्यास दोन कारणे आहेत. एक कारण, ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते ते आपले विज्ञानाचे सर. दुसरे कारण माझ्या घरात घडले. दोन्ही क्रमाने सांगतो.

‘कांदा नव्हे ते’

1964 सालचा पावसाळा असावा. आम्ही नववीत होतो. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच. कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर ठेवून, त्यावर आयोडीनचा थेंब सोडून, वर पातळ काच ठेवायची आणि जे दिसेल त्याचे चित्र काढायचे, असा तो पहिलाच प्रयोग. माझी पाळी आली. मला एक अतिशय सुबक, वाटोळी, जाड काळ्या कडेची आकृती दिसली. मी ती मन लावून काढली आणि खाली लिहिले, ‘कांद्याची पेशी’. सरांनी वही पाहिली आणि शांतपणे म्हणाले, “चित्र उत्तम आहे. पण हा हवेचा बुडबुडा आहे.”

वर्गातल्या निम्म्या मुलांनी बुडबुडाच काढला होता. कारण उघड होते. पेशी फिकट, एकमेकींना चिकटलेल्या, कडा पुसट. बुडबुडा मात्र ठसठशीत. नवख्या डोळ्याला जे सर्वांत स्पष्ट दिसते तेच खरे वाटते.

सर रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कांदा आणलाच नाही. नुसत्या पाण्याचा थेंब, त्यात एकदा हवेचा बुडबुडा, एकदा धोतराचा तंतू, एकदा खडूची पूड, एकदा बटाट्याच्या पिठाचा कण, अशा काचपट्ट्या दाखवल्या आणि त्यांची चित्रे काढायला लावली. पानाला मथळा द्यायला सांगितला, ‘कांदा नव्हे ते’. ते पान पुरे झाल्यावरच पुन्हा कांदा आला. या वेळी पेशी कोणीही चुकवली नाही. पुढे मी विज्ञान सोडले, हस्तलिखितांत रमलो. परंतु ते पान मनातून गेले नाही.

घरातली गोष्ट

काही वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला बारीक ताप आणि धाप लागू लागली. छातीच्या डाव्या बाजूस, फुप्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी साठल्याचे क्ष-किरण चित्रात दिसले. सुईने पाणी काढून तपासणीस पाठवले. चौथ्या दिवशी अहवाल हाती आला. त्यात कर्करोगाच्या पेशींचे घोळके आढळल्याचे लिहिले होते. आमच्या घरात त्या रात्री कोणी जेवले नाही. मुलगा परगावी होता. त्याला काय आणि किती सांगावे, याचा विचार करीत मी पहाटेपर्यंत बसलो होतो.

दुसरे मत घ्यावे असे डॉक्टरांनीच सुचवले. आपल्याच शाळेची एक माजी विद्यार्थिनी विकृतिशास्त्राची तज्ज्ञ आहे. तिच्याकडे मी त्या चार काचपट्ट्या घेऊन गेलो. तिने त्या दोनदा, सावकाश पाहिल्या आणि म्हणाली, “काका, हा घोळका काकूंचा नसावा, असं मला वाटतंय. पण तो त्यांचा नसावा असं मला मनातूनही वाटतंय ना, तीच अडचण आहे. म्हणून आज मी काहीच लिहून देणार नाही.”

तिला नेमके काय खटकले आणि तरी ती का थांबली, हे समजण्यासाठी आधी काचपट्टी कशी तयार होते ते पाहिले पाहिजे.

शरीरापासून काचेपर्यंत

पेशींवरून रोग ओळखण्याच्या या शास्त्राला पेशीविकृतिशास्त्र म्हणतात. त्याचे नाव जॉर्ज पापानिकोलाउ या ग्रीक वंशाच्या अमेरिकन संशोधकाशी जोडलेले आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग तेथून सुट्या झालेल्या पेशींवरून ओळखता येतो, हे त्याने 1928 साली मांडले. परंतु त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. 1943 साली ट्राउट यांच्यासह त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि मग ही पद्धत जगभर गेली. ‘पॅप’ तपासणी हे त्याच्याच नावाचे लघुरूप. आपल्याकडे 1941 साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली. भारतातील विकृतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे.

पेशी मिळवण्याचे मार्ग अनेक. गर्भाशयमुखावरून खरवडून, थुंकीतून, छातीतल्या किंवा पोटातल्या पाण्यातून, अथवा गाठीत बारीक सुई घालून. पेशी काचेवर पसरतात. त्या लगेच 95 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून स्थिर करतात. मग त्या रंगवतात. पापानिकोलाउच्या पद्धतीत केंद्रक निळे-जांभळे होते, भोवतीचे पेशीद्रव हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी. शेवटी पारदर्शक डिंकासारख्या द्रवाने वर पातळ काच बसवतात. म्हणजे शरीर, सुई, काच, अल्कोहोल, रंगाची भांडी, झायलीन आणि वरची काच, एवढे टप्पे ओलांडून पेशी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येते. या प्रत्येक टप्प्यावर काहीतरी बिघडू शकते, किंवा काहीतरी आत शिरू शकते.

चरकसंहितेत रोगांचे निज, आगंतु आणि मानस असे भेद केले आहेत. त्यातील पहिले दोन शब्द मी आजच्या विषयासाठी उसने घेतो. काचेवरचे जे रुग्णाचे आहे ते निज. बाहेरून येऊन पडले ते आगंतुक. आणि जे रुग्णाचेच आहे, पण आपल्या हाताने बिघडले, त्याला कृतक म्हणू. प्रयोगशाळेत यालाच ‘आर्टिफॅक्ट’ म्हणतात.

कृतक : आपल्या हातचे बिघाड

सर्वांत नेहमीचा कृतक दोष म्हणजे वाळणे. पेशी पसरल्यावर काच अल्कोहोलमध्ये बुडवण्यास थोडा उशीर झाला, तर पेशी हवेत वाळते, काचेवर चपटी होते आणि फुगल्यासारखी मोठी दिसते. केंद्रक मोठे, पण धूसर. त्यातली रेखीव रचना नाहीशी होते. आता पाहा, मोठे केंद्रक हे कर्करोगाच्या लक्षणांपैकी एक आहे. म्हणजे नुसत्या उशिरामुळे निरोगी पेशी संशयित ठरू शकते. येथे वाचणाऱ्याने विचारायचे ते असे : केंद्रकाची कड रेखीव आहे की पुसट? या पट्टीवरच्या सगळ्याच पेशी अशा फुगल्या आहेत काय? सगळ्याच फुगल्या असतील, अगदी ज्यांचे नेहमीचे माप पक्के ठाऊक आहे त्या पेशीही, तर दोष रोगाचा नव्हे, वाऱ्याचा. काही रंगपद्धतींत काच मुद्दाम वाळवतात. पण तीही झटपट आणि पूर्ण वाळली पाहिजे. पावसाळ्याच्या दमट हवेत रेंगाळत वाळलेली काच दोन्हींकडून जाते.

दुसरा दोष चिरडण्याचा. दोन काचा एकमेकींवर जोराने घासल्या की नाजूक केंद्रके फुटून त्यांचे लांब निळे दोरे होतात. त्या दोऱ्यांवरून मत देणे म्हणजे पाण्यात भिजून पसरलेल्या शाईवरून अक्षर ठरवणे. जाणता वाचक तो भाग सोडून शाबूत पेशी शोधतो.

तिसरा, रंगाचा. रंग रोज गाळला नाही तर त्याचे बारीक कण साकळून पट्टीवर बसतात आणि जंतूंसारखे दिसतात. सोनोग्राफीच्या साहाय्याने सुई घातली आणि कातडीवरचा जेल नीट पुसला नाही, तर तो जांभळट, दाणेदार थर होऊन पसरतो. कधी तो मृत पेशींच्या चोथ्यासारखा दिसतो, तर कधी थायरॉइडच्या गाठीतल्या चिकट द्रवासारखा.

चौथा दोष वरच्या काचेचा. झायलीन उडून गेले आणि पेशींवर हवेचा पातळ थर अडकला की पेशींवर तपकिरी, चमकदार पापुद्रे दिसतात. इंग्रजी ग्रंथांत त्याला मक्याच्या कुरकुरीत पोह्यांवरून नाव दिले आहे. आपल्या सरांच्या बुडबुड्याचा हा धाकटा भाऊ. त्याचा उपाय सोपा : वरची काच झायलीनमध्ये सोडवून काढायची आणि नव्याने बसवायची. पापुद्रे नाहीसे होतात आणि खालची पेशी आपले खरे रूप दाखवते.

आगंतुक : बाहेरचे पाहुणे

आगंतुकांची यादी मनोरंजक आहे. कापसाचा तंतू, धूळ, फुलांचे पराग, वनस्पतींचे बारीक केस, पतंगाच्या पंखावरचे खवले, गालिचा खाणाऱ्या किड्याच्या अळीचे बाणासारखे टोकदार रोम. नळाच्या पाण्यातून शेवाळाचे कण आणि बुरशी. हवेतून ‘अल्टरनेरिया’ नावाच्या बुरशीचे बीजाणू. हे तपकिरी, गदेसारखे, आडव्या-उभ्या पडद्यांनी विभागलेले, जणू विटांची छोटीशी भिंत. आपल्या माळव्यात उन्हाळ्याचा वारा सुटला आणि प्रयोगशाळेची खिडकी उघडी राहिली की यातले काय काय आत येत असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

हातमोज्यांवरची पूड हा एक जुना पाहुणा. पूर्वी ती शंखजिऱ्याची असे, नंतर मक्याच्या पिठाची झाली. पिठाचा कण वाटोळा किंवा बहुकोनी, मधोमध बारीक खाच असलेला. ध्रुवित प्रकाशात पाहिला की त्यावर चार पाकळ्यांची फुली उमटते. ही खूण इतकी निश्चित आहे की ती दिसल्यावर वाद उरत नाही. पूड लावलेल्या मोज्यांवर अमेरिकेने 2017 साली बंदी घातली, ती मुख्यतः रुग्णांना होणाऱ्या अपायामुळे.

थुंकीच्या तपासणीत अन्नकण येतात. रुग्णाने चूळ न भरता थुंकी दिली तर भाजीच्या पेशी काचेवर उतरतात. वनस्पतीची पेशी मोठी, तिचा अंतर्भाग गडद रंगलेला; घाईत पाहणाऱ्याला ती भयंकर वाटू शकते. पण तिच्याभोवती सेल्युलोजची जाड, चकाकणारी भिंत असते. मनुष्याच्या पेशीला अशी भिंत कधीच नसते. नववीत कांद्याचा पापुद्रा पाहिलेल्या मुलाला हे सहज कळावे.

आणि सर्वांत धोकादायक आगंतुक म्हणजे दुसऱ्या रुग्णाची पेशी. रंगाच्या एकाच भांड्यातून अनेकांच्या काचपट्ट्या जातात. एका काचेवरून सुटलेला पेशींचा पुंजका भांड्यात तरंगतो आणि दुसऱ्याच्या काचेवर जाऊन बसतो. परागकण वेगळा दिसतो, तंतू वेगळा दिसतो; पण ही पेशी मनुष्याचीच असते, खरीखुरी असते, तिचे निदानही खरे असते. फक्त ते दुसऱ्या कुणाचे असते.

ओळखण्याचे पाच प्रश्न

माझ्या या शिक्षिकेने मला जे शिकवले ते मी पाच प्रश्नांत मांडतो.

पहिला, पातळीचा. मोठ्या भिंगाखाली एका वेळी फार उथळ थर स्पष्ट दिसतो. रुग्णाच्या पेशी काचेला चिकटून एका पातळीत असतात. वरून पडलेली वस्तू त्यांच्या वर असते. पेशी स्पष्ट असताना ती धूसर दिसते. चाक किंचित फिरवून ती स्पष्ट केली की पेशी धूसर होतात.

दुसरा, मापाचा. तांबडी रक्तपेशी सुमारे सात मायक्रॉन रुंद असते. बहुतेक पट्ट्यांवर ती असतेच. तिच्या शेजारी संशयित वस्तू मोजून पाहावी. बरेचसे पराग तिच्या कितीतरी पट मोठे भरतात.

तिसरा, रूपाचा. फार नियमित, भूमितीतल्यासारखा आकार, जाड भिंत, चकाकी, रंग न शोषणे, ही बहुधा परकेपणाची चिन्हे.

चौथा, सोबतीचा. शरीर परक्या वस्तूकडे दुर्लक्ष करीत नाही. खरी बुरशी ऊतकात वाढत असेल तर तिच्याभोवती दाहाच्या पेशी जमतात, ऊतक मरते. काचेवर नंतर पडलेल्या बुरशीला असा परिवार नसतो. 2021 साली कोविडनंतर म्युकरमायकोसिसची साथ मध्य प्रदेशासह देशभर पसरली, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. त्या बुरशीचे धागे रुंद, फितीसारखे, क्वचितच पडदे असलेले. ते खरे की वरून पडलेले, या उत्तरावर रुग्णाचा डोळा राहणार की जाणार हे ठरत होते.

पाचवा, पुनरावृत्तीचा. त्याच नमुन्याच्या इतर काचपट्ट्यांवर ती गोष्ट आहे काय? नव्याने घेतलेल्या नमुन्यात आहे काय?

यांपैकी एकही प्रश्न एकटा पुरेसा नाही, हे तिने मला वारंवार बजावले. खऱ्या कर्करोगाचे घोळकेही जाड असतात आणि त्यांचा काही भाग वरच्या पातळीत येतो. खरे घोळकेही कधी चारांपैकी एकाच काचेवर सापडतात. म्हणून उत्तरांची बेरीज पाहायची, आणि बेरीज जुळली नाही तर ‘ठरवता येत नाही’ असे लिहायचे.

बार्शीच्या गावांतून

हे ‘ठरवता येत नाही’ किती मोलाचे आहे, हे समजण्यासाठी महाराष्ट्रातलेच एक उदाहरण घेऊ. 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या सहभागाने एक फार मोठी पाहणी झाली. 52 गावसमूहांतल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा तीत समावेश होता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी विषाणूची चाचणी, पेशींची काचपट्टी, आम्लाचा हात फिरवून डोळ्यांनी केलेली तपासणी आणि नेहमीची व्यवस्था, असे चार गट केले होते. 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूच्या एका चाचणीने त्या गटातले मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. काचपट्टीच्या गटात तशी निर्णायक घट दिसली नाही.

यावरून काचपट्टी टाकाऊ ठरत नाही. गाठीची, छातीतल्या पाण्याची, थुंकीची परीक्षा आजही तिच्यावर चालते. परंतु खेड्यातल्या खोलीत पेशी घेणारी सेविका, ती काच तत्क्षणी अल्कोहोलमध्ये घालणारा हात, रंगवणारा तंत्रज्ञ आणि शेवटी वाचणारा डोळा, ही सगळी साखळी शाबूत असेल तरच काचपट्टी बोलते, एवढे लक्षात ठेवावे. म्हणूनच 1988 साली बेथेस्डा येथे अहवालांची जी पद्धत ठरली, तीत नमुना वाचण्याजोगा आहे की नाही, हे सांगणे अहवालाचाच भाग मानले गेले. न वाचता येणाऱ्या पट्टीवर ‘रोग नाही’ असे लिहिणे हा उपकार नव्हे. त्या स्त्रीला पुन्हा बोलावणे हा उपकार.

हस्तलिखितांची साक्ष

हे सर्व ऐकत असता मला माझाच धंदा आठवत होता. आपल्या उज्जैनला सिंधिया प्राच्यविद्या शोध प्रतिष्ठान आहे. तेथील पोथ्या पाहण्यात माझ्या आयुष्याचा मोठा काळ गेला. कसरीने अक्षराच्या डोक्यावर पाडलेले भोक दुरून अनुस्वारासारखे दिसते. माशीचा ठिपकाही तसाच. पान उजेडात धरले की भोकातून उजेड येतो आणि अनुस्वार नाहीसा होतो. हा आमचा पातळीचा प्रश्न. नकलकाराने समासातली टीप चुकून ओळीत घेतली, की ती दुसऱ्याची पेशी झाली. आणि मूळ प्रतीत माशी चिकटलेली पाहून नकलेतही माशी चिकटवणाऱ्याची गोष्ट तर आपण ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ म्हणून नेहमीच सांगतो. कृतक दोष एकदा न ओळखता पुढे गेला की तो परंपरा बनतो.

एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढच्यांनी तीत आपली ओवी घालू नये, असे बजावले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभले आणि ते 1966 मध्ये पूर्ण केले. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकरांनी त्याची शिस्त घालून दिली. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची लाडकी कथा त्यांनी मूळ संहितेतून काढली, कारण हस्तलिखितांचा पुरावा तिच्या बाजूने नव्हता. पण ती फेकली नाही. परिशिष्टात, ती कोणत्या पोथ्यांत आहे त्याच्या नोंदीसह, छापली.

मला यात दोन धडे दिसतात. आपल्याला आवडते म्हणून ठेवू नये. आणि आपल्याला नकोसे आहे म्हणून काढू नये. परके ठरवण्यासही निज ठरवण्याइतकाच पुरावा लागतो. आणि जे परके ठरवले, तेही नोंदवून, जपून ठेवावे, म्हणजे आपण चुकलो असू तर पुढच्याला ते सापडेल.

अकरा दिवस

आता घरच्या गोष्टीकडे वळतो. त्या चार काचपट्ट्यांपैकी तीन पट्ट्यांवर लहान लिंफोसाइट पेशींचा नुसता सडा होता. क्षयाच्या पाण्यात आढळतो तसा. चौथ्या पट्टीवर, एका कडेला, मोठ्या पेशींचे दोनच घोळके. ते बाकीच्या पेशींच्या वरच्या पातळीत होते. त्यांचा रंगही शेजारच्या पेशींहून गडद होता. पाचांपैकी चार उत्तरे एका बाजूची. तरीही तिने ‘कर्करोग नाही’ असे लिहिले नाही. तिने पुन्हा पाणी काढायला लावले, त्याच्या काचपट्ट्या इतर कुणाच्याही पट्ट्यांबरोबर न घालता स्वतंत्र, ताज्या, गाळलेल्या रंगात रंगवल्या आणि उरलेल्या गाळाची वडी करून तिचे कापही पाहिले. क्षयाच्या इतर चाचण्या केल्या. पहिल्या प्रयोगशाळेलाही तिने दूरध्वनी केला. त्यांनी वही उघडून पाहिली आणि प्रांजळपणे सांगितले की त्या दिवशी त्याच भांड्यातून, आमच्या आधी, कर्करोगाचे निदान झालेल्या दुसऱ्या रुग्णाच्या पोटातल्या पाण्याची पट्टी गेली होती. त्यांनी आपला अहवाल दुरुस्त केला. पुढे पोटातल्या आणि छातीतल्या पाण्याच्या पट्ट्या वेगळ्या रंगवण्याचा आणि रोगाची खात्री असलेली पट्टी सर्वांत शेवटी घालण्याचा नियम त्यांनी केला, असे कळले. चूक झाली ती अशा रीतीने कबूल करणाऱ्यांविषयी माझ्या मनात राग उरला नाही.

नव्या नमुन्यात ते घोळके नव्हते. गाळाच्या वडीतही नव्हते. निदान क्षयाचे ठरले. सहा महिने औषधे घेऊन पत्नी पूर्ण बरी झाली. पहिला अहवाल आला त्यापासून हे कळेपर्यंत अकरा दिवस गेले. मी तिला विचारले, “पहिल्याच दिवशी तुला ऐंशी टक्के खात्री होती. मग आम्हाला एवढे दिवस का ठेवलेस?” ती म्हणाली, “काका, उरलेल्या वीस टक्क्यांत काकू होत्या.”

त्यावर मी काय बोलणार? आणि त्याच वेळी एक विचार मनाला टोचत राहिला. ज्या पेशी आमच्या नव्हत्या, त्या कुणाच्या तरी होत्या. आमच्या घरी ज्या रात्री पुन्हा चूल पेटली, त्या रात्री दुसऱ्या एका घरी तोच अहवाल खरा होता. परके ठरवलेली वस्तू कुठेतरी कुणाची निज असते, हे विसरू नये.

ती ओळखायला कुठे शिकलीस, असे मी तिला एकदा विचारले. वैद्यकीय महाविद्यालयाचे नाव ती घेईल, असे मला वाटले होते. तिने हसून सांगितले की आठवीत असताना एका सरांनी तिच्या वर्गाला पहिल्या दिवशी कांदा दिलाच नव्हता. मी तिला माझ्या जुन्या वहीतल्या पानाचा मथळा सांगितला. तिच्याही वहीत तोच होता.

आपल्या सरांनी आम्हाला पेशी दाखवली, हे तर खरेच. परंतु त्याआधी पेशी नसलेले काय काय असते ते दाखवले. शाळेत आज नवे सूक्ष्मदर्शक आले आहेत, याचा आनंद आहे. विज्ञानाच्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे की त्या पहिल्या पानाची प्रथा मोडू नये. सरांच्या पवित्र स्मृतीस वंदन.